भाषेचं बंधन: खिडकीवर की माणसावर?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बाळेकुंद्रीच्या रस्त्यावर एका बस कंडक्टरला जमावाने मारहाण केली. एका मुलीने मराठीतून तिकीट मागितलं, आपल्याला मराठी येत नाही असं आपण म्हणालो, त्यावरून बाचाबाची झाली आणि पुढे माणसं जमवून मारलं, अशी त्याची तक्रार होती. लगोलग चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं गेलं. दोन्ही राज्यांनी एकमेकांकडे जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. २२ मार्चला कर्नाटक बंदची हाक दिली गेली. मे महिन्यात बेंगळुरूलगतच्या एका बँक शाखेत व्यवस्थापकाने कन्नड बोलायला साफ नकार दिला आणि ते प्रकरण थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेलं. जून-जुलैच्या सुमारास मीरा रोडला मराठीवरून मिठाईच्या एका दुकानदाराला मारहाण झाली. जागा वेगळ्या, भाषा वेगळ्या, पण प्रत्येक वेळी चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबली: इथली भाषा बोलायची सक्ती असावी की नसावी? एका बाजूला ‘इथं राहायचं तर बोललंच पाहिजे’, दुसऱ्या बाजूला ‘मला कुठली भाषा बोलायची ते तुम्ही कोण सांगणार?’

हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातोय. कंडक्टर, बँकेची व्यवस्थापक आणि मिठाईचा दुकानदार या तिघांना आपण एकाच रांगेत उभं केलं, तिथेच वाद बिघडला. माझं म्हणणं असं आहे की भाषेचं बंधन संस्थेवर असलं पाहिजे: बससेवा, तहसील कचेरी, दवाखाना, पोलीस ठाणं, बँक, शाळा यांच्यावर. ते एकट्या माणसावर, त्याच्या जिभेवर असता कामा नये. आणि संस्थेवर जे बंधन घालायचं ते बोलण्याच्याही आधी समजण्याचं असावं. खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं खिडकीमागे कळलं पाहिजे. या नियमाची खरी कसोटी बेळगाव ते सोलापूर या सीमापट्ट्यात लागते, कारण इथे मराठी आणि कन्नड शेजार काही शतकांचा आहे आणि दोन्ही राज्यं आपापल्या बाजूला तो सारख्याच हट्टाने नाकारतात.

बाळेकुंद्रीच्या प्रसंगाकडे नीट पाहू. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे. कंडक्टरने ओळखपत्र पाहून शून्य रकमेचं तिकीट फाडायचं. पुरुषाला मात्र पूर्ण भाडं. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट आहे. म्हणजे निपाणीहून कागलला जाताना, किंवा अक्कलकोटहून आळंदच्या बाजूला जाताना, एका गाडीत एक नियम आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत दुसरा. हे दिवसातून कितीदा तरी, गर्दीत, उभ्याने, चालत्या गाडीत समजावून सांगावं लागतं. बाळेकुंद्रीच्या भांडणाचं मूळही, कंडक्टरच्या म्हणण्याप्रमाणे, सोबतच्या पुरुषासाठी मागितलेल्या मोफत तिकिटात होतं. वाद भाड्याचा होता. ज्या भाषेत तो मिटला असता ती एकालाही पुरेशी येत नव्हती, म्हणून तो भाषेचा झाला.

आता कंडक्टरला या कामासाठी भाषा किती लागते? गावांची नावं तो पाठ करतोच. ‘कुठं जायचंय’ आणि ‘येल्लिगे’, ‘ओळखपत्र दाखवा’, ‘हे तिकीट तुम्हाला फुकट, यांना नाही’, ‘पुढं सरका’, ‘गाडी इथं थांबत नाही’ अशी पन्नास-साठ वाक्यं. चिल्लर हा शब्द दोन्हीकडे चालतो, कन्नडमध्ये चिल्लरे. खरी अडचण येते ती आकड्यांची, आणि ती सारखी वाटलेली नाही. कन्नड आकडे वीसच्या पुढे नियमाने चालतात. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, इप्पत्तोंदु एकवीस. दहा दशकं आणि नऊ एकम आले की शंभरापर्यंतचा हिशेब आला. मराठीत एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेपन्न, त्र्याहत्तर असा प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. म्हणून रायचूरकडून बदलून आलेल्या कंडक्टरला मराठी आकडे शिकणं हे मराठी माणसाने कन्नड आकडे शिकण्यापेक्षा बरंच जड जातं. उलट, कन्नडला नवख्या कानाला इप्पत्तु (वीस) आणि एप्पत्तु (सत्तर) एकच वाटतात, आणि सत्तरच्या भाड्यासाठी वीसची नोट पुढे करणारा म्हातारा लबाड ठरतो. हे सगळं एका घडीच्या कार्डावर बसतं, दोन्ही लिपींत. पंधरा दिवसांच्या सरावाचं काम आहे. ते ना वायव्य कर्नाटक परिवहनाने आपलं मानलं, ना एसटीने. त्या अभावाचा मार मात्र एका पगारी नोकराने खाल्ला.

‘बोल’ आणि ‘समजून घे’ यांतला फरक या वादात पार हरवून गेला आहे. दुसऱ्याची भाषा समजणं हे ती बोलण्यापेक्षा कितीतरी कमी कष्टाचं काम आहे, आणि कामापुरतं समजणं त्याहून सोपं. बेळगावच्या रविवार पेठेत किंवा खडेबाजारात रोज हेच चालतं: गिऱ्हाईक मराठीत विचारतं, दुकानदार कन्नडमध्ये उत्तर देतो, आकडा दोघांपैकी ज्याला सोपा त्याच्या भाषेत ठरतो, आणि व्यवहार पुरा होतो. कुणीच कुणाची भाषा ‘बोलत’ नाही. सरकारी कामकाजात तर हे आणखी सोपं जावं, कारण जुन्या दफ्तरांपासून मुंबई इलाख्याच्या कचेऱ्यांपर्यंतच्या कारभाराने दोन्ही भाषांना एकच शब्दभांडार दिलं. अर्ज तिकडे अर्जी, दाखला तिकडे दाखले, जमीन तिकडे जमीनु, तारीख तिकडे तारीखु, सही दोन्हीकडे सही. फसवे शब्दही आहेत. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई, मराठीत अवसर म्हणजे संधी. असे वीस-पंचवीस शब्द वेगळे शिकवले की काम भागतं. पण ‘तू माझी भाषा बोलून दाखव’ ही मागणी कामाची नसतेच. ती निष्ठेची परीक्षा असते, आणि म्हणूनच समोरच्याला ती भाषा येत असली तरी त्या क्षणी तो ती बोलत नाही.

याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा: माणसावर सक्ती नको म्हणाल तर दुबळी भाषा मरेल. दोन भाषा शेजारी असल्या की शिकण्याचा ओघ एकाच दिशेने वाहतो. ज्याच्या हातात नोकरी, पैसा, सरकार आहे त्याची भाषा दुसरा शिकतो. पहिल्याला शिकायची गरजच पडत नाही. मुंबईत मराठीचं हेच झालं, बेंगळुरूत कन्नडचं तेच चाललंय. हे निरीक्षण शंभर टक्के खरं आहे आणि जे लोक ‘भाषा आपोआप टिकते’ म्हणतात त्यांनी ते कधी नीट तोललेलं नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? ओघ जर सत्तेमुळे आणि पैशामुळे वाहत असेल, तर बांध तिथेच घातला पाहिजे. बँकेची शाखा स्थानिक भाषेत चालली, भरतीत त्या भाषेची परीक्षा असली, अर्जाचा नमुना, एटीएमचा पडदा, कर्जाचा करार त्या भाषेत मिळाला, तर ती भाषा शिकण्याला किंमत येते. मीरा रोडच्या दुकानदाराने मारामुळे दोन वाक्यं मराठी बोलली म्हणून मराठीची किंमत किती पैशांनी वाढली? त्याला शिकायला कारण मिळालं की भीती? पाट्यांचं उदाहरण घ्या. महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायदा बदलून दुकानांना मराठी पाटी बंधनकारक केली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि पाट्या बदलल्या. कर्नाटकाने पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला दिली. दोन्ही नियम आस्थापनेवर आहेत, त्यांची तपासणी होते, दंड होतो, आणि कुणाची कॉलर धरावी लागत नाही. मला हे नियम मान्य आहेत. पाटी ही सार्वजनिक जागेत असते, मालकाची जीभ मात्र त्याची असते.

दुसरा मुद्दा कन्नड बाजूचा, आणि तो मराठी वाचकाने अंगाला लावून घ्यावा असा आहे. बेळगावात मराठी फलक मागितला की कर्नाटकात इतका संताप का होतो? ‘द्वेष’ म्हणून मोकळं होता येत नाही. पेशवाई गेल्यावर, १८१८ नंतर, धारवाड-बेळगावच्या भागाला ‘दक्षिण मराठा प्रदेश’ म्हटलं गेलं. रयत कन्नड, पण दफ्तर मराठी, आणि सुरुवातीच्या सरकारी शाळाही मराठी. कन्नड घरातलं पोर शाळेत जाऊन मराठी मुळाक्षरं गिरवत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कन्नड शाळा उभ्या केल्या तेव्हा चित्र पालटू लागलं. जमखंडी, सांगली, मिरजेच्या पटवर्धनी संस्थानांत दरबारची भाषा मराठीच राहिली. १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला तो मराठीच्या या दडपणाखाली कन्नडला उभं करण्यासाठी. आज बेळगावच्या मराठी माणसाला कन्नड सक्तीचं जे दुःख होतं, ते कन्नड माणसाच्या आजोबा-पणजोबांनी मराठीकडून भोगलेलं आहे. ते मान्य केल्याने आपला हक्क उणा होत नाही. उलट एक गोष्ट दिसते: तेव्हाही अन्याय झाला तो दफ्तराने आणि शाळेने केला, आणि तो दूर झाला तोही शाळा काढून. धारवाडच्या रस्त्यावर मराठी बोलणाऱ्याला मारून कन्नड उभी राहिलेली नाही.

तिसरा अडथळा सीमावादाचा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला: बेळगाव कर्नाटकात ठेवावं, २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावं कर्नाटकाला. महाराष्ट्राने तो नाकारला. गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही महाराष्ट्राची कसोटी होती आणि आहे. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, दावा अजून तिथेच आहे. या काळात कागद म्हणजे पुरावा झाला. बेळगाव महापालिकेची एक नोटीस मराठीत निघाली तर ‘बघा, शहर मराठी आहे’ असं कुणी तरी म्हणेल, ही कर्नाटकाची भीती. आणि कन्नड नमुना निमूट भरला तर ‘बघा, लोकांनी स्वीकारलं’ असं म्हटलं जाईल, ही मराठी संघटनांची भीती. दोन्ही भीतींना आधार आहे, कारण भाषिक बहुमत हाच दाव्याचा पाया आहे. म्हणून सोयीची कुठलीही तडजोड दोघांनाही शरणागती वाटते.

पण न्यायालयाचा निकाल काहीही लागो, त्यानंतर काय? महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं उद्या महाराष्ट्रात आली तर त्यांतली कन्नड घरं कुठे जातील? अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जतचा भाग महाजन आयोगाने सुचवल्याप्रमाणे तिकडे गेला तर तिथली मराठी घरं? रेघ कुठेही मारा, तिच्या दोन्ही बाजूंना अल्पसंख्य उरणारच. म्हणजे अल्पसंख्याकांच्या भाषेचा नियम दोन्ही निकालांत लागणार आहे, आणि जो नियम दोन्ही निकालांत लागतो त्याने दाव्याचं पारडं झुकत नाही. ‘या तरतुदीमुळे कोणत्याही पक्षाच्या दाव्याला बाधा येणार नाही’ असं एक वाक्य प्रत्येक परिपत्रकाच्या तळाशी छापता येतं. वकील असं वाक्य रोज लिहितात. दोन्ही सरकारांना ते का सुचू नये?

नियम नव्याने शोधायचीही गरज नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब आणली: प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनाने सांगितलं की जिल्ह्यात किंवा तालुका-नगरपालिकेसारख्या लहान क्षेत्रात १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्य भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक १५ टक्क्यांच्या वर आहेत. खानापूर, बेळगाव, निपाणी भागांत तर त्याहून बरेच जास्त. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापुरात कन्नड भाषकांचं बळ तसंच मोठं आहे. दोन्ही राज्यांनी या तरतुदी आपापल्या लोकांसाठी पलीकडे मागितल्या आणि पलीकडच्यांसाठी इकडे विसरल्या.

इथे महाराष्ट्राला सोडता येणार नाही. बेळगावातल्या मराठी शाळेसाठी आपण आवाज उठवतो, तो योग्यच आहे. पण जत तालुक्यातल्या कन्नड शाळांवर कन्नड न येणारे शिक्षक नेमले गेल्याची ओरड २०२४ मध्ये झाली तेव्हा आपल्या किती संपादकीयांनी ती उचलली? बालभारती कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती पाठ्यपुस्तकं छापते. ही महाराष्ट्राची खरोखर अभिमानाची परंपरा आहे. पण पुस्तक कन्नड आणि मास्तर मराठी अशा वर्गात त्या पुस्तकाचं काय होतं? पहिलीतलं पोर अक्षर ओळखायच्या वयात दोन लिपींच्या मध्ये लोंबकळतं, तिसरीपर्यंत कुठलीच धड वाचत नाही, आणि मग पालक त्याला इंग्रजी शाळेत घालतात. २०१२ मध्ये जतच्या चाळीसेक गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, आणि त्याच ठरावांचा हवाला देत २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या गावांवर दावा सांगितला. त्या डिसेंबरात गाड्यांवर दगड पडले. ठरावांतला मूळ शब्द होता पाणी.

शाळा कशी बंद पडते हेही नेमकं पाहिलं पाहिजे, कारण ती कुणी आदेश काढून बंद करत नाही. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आलेला नियम असा: शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. सीमेवरच्या छोट्या गावात पहिलीत १२ मुलं असतात. त्यांतली चार इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसली की आठ उरतात. नियम सुटतो. शिक्षक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, उरलेला एक मास्तर चार वर्ग एका खोलीत घेऊन बसतो. पुढच्या वर्षी आठातले तीन आणखी जातात. तीन-चार वर्षांत शाळा ‘पटसंख्येअभावी’ संपते आणि दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. इलाज माहितीतला आहे. पट गावाऐवजी दोन-तीन शेजारच्या गावांचा मिळून मोजायचा, जागा रिकामी होण्याआधी सहा महिने भरती करायची, आणि भरतीच्या जाहिरातीत ‘कन्नड माध्यम’ किंवा ‘मराठी माध्यम’ हा रकाना नुसत्या पसंतीचा न ठेवता अर्हतेचा ठेवायचा.

जमिनीच्या कागदाची गोष्ट तर आणखी रोजची. आपल्याकडचा सातबारा तिकडे पहाणी होतो. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकाने भूमी प्रकल्पातून हे उतारे संगणकावर आणले, देशात आधी म्हणावं असं ते काम होतं. उतारा कन्नडमध्येच निघतो. खानापूरच्या मराठी शेतकऱ्याचं नाव आधी कन्नड लिपीत गेलं, तिथून इंग्रजीत आधारवर आलं, शाळेच्या दाखल्यावर ते मराठीतून थेट इंग्रजीत गेलेलं होतं. कन्नड लिपीत मराठीतला ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळा नाही, मराठीतही तो लिहिताना वेगळा नसतो, पण इंग्रजीत कुणी सी-एच करतो, कुणी टी-एस. चव्हाणाचं तीन कागदांवर तीन स्पेलिंग होतं. पीककर्जाच्या वेळी बँक म्हणते, हे तिन्ही एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. स्टॅम्प पेपर, नोटरी, एक दिवसाचा रोजगार. अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्याचं हेच उलट्या दिशेने होतं. कन्नडमधला ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ देवनागरीत धड उतरत नाही. उताऱ्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या भाषेत माहितीपुरता अनुवाद आणि नावाचं दोन लिपींतलं प्रमाणित रूप छापलं, आणि वाद झाल्यास राजभाषेतला मजकूर ग्राह्य धरायचा असं ठरवलं, तर राजभाषेचा मान राहतो आणि नोटरीची फेरी वाचते. पोलीस ठाण्यात तर कायदाच सांगतो की गुन्ह्याची खबर लिहून घेतल्यावर देणाऱ्याला ती वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची. न कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवलेल्या खबरीवर अंगठा उमटतो तेव्हा कायदा पाळला गेला असं म्हणायचं का?

‘दोन भाषा चालवल्या की राजभाषा दुय्यम होते’ असं दोन्हीकडचे लोक म्हणतात. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं. ते काढा म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने पाटी राहू दिली: मराठी आहेच, जोडीला उर्दू लिहायला महाराष्ट्राच्या कायद्यात मनाई नाही, आणि नगरपरिषद १९५६ पासून उर्दू वापरत आली आहे. पातुरात मराठी त्या पाटीमुळे दुबळी झाली असा एकही पुरावा पुढे आला नाही. हाच न्याय बेळगावला मराठीसाठी मागायचा असेल तर आधी पातुरात तो मनापासून मान्य करावा लागेल.

बाहेर पाहायचं तर इटलीतलं दक्षिण टायरॉल आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मन भाषक मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीने जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली. १९४६ चा ऑस्ट्रिया-इटलीचा करार कागदावर राहिला, जून १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी मनोरे बॉम्बने उडवले गेले. १९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने आणि त्यानंतरच्या नियमांनी चित्र पालटलं. सरकारी नोकरीला दोन्ही भाषांचं प्रमाणपत्र लागतं. पदानुसार त्याच्या पायऱ्या आहेत, शिपायाला खालची, अधिकाऱ्याला वरची, आणि त्यासाठी वेगळा भत्ता मिळतो. नागरिकाला मात्र कुठलीही परीक्षा नाही, तो आपल्या भाषेत बोलतो. फिनलंडमध्ये नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३,००० झाले की ती द्विभाषिक ठरते, आणि हे दर दहा वर्षांनी तपासलं जातं. कुणी म्हणेल, श्रीमंत देशांना परवडतं. पण इंग्रज अमदानीत मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्यालाही रयतेच्या भाषेची खात्याअंतर्गत परीक्षा द्यावी लागत होती. तेव्हा परवडलं ते आता का नाही?

मधल्या मार्गाने ‘सगळ्यांनी हिंदी बोला, वाद मिटला’ म्हणणारे भेटतात. बाजारात दखनी हिंदीने खरंच पुष्कळ कामं होतात, त्याला माझा आक्षेप नाही. पण खानापूरच्या जंगलपट्टीतली म्हातारी आणि गोकाकची म्हातारी, दोघींना दवाखान्यात हिंदीत डोस सांगितला तर दोघींचाही चुकतो. शिवाय शेजाऱ्याची भाषा टाळायला तिसरी भाषा मधे घेतली की शेजार तेवढाच दूर राहतो.

अशा वेळी पंढरीच्या कानड्या विठ्ठलाचा, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या मराठी नाट्यगीतांचा दाखला दिला जातो. कवी द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत, लिहीत कन्नडमध्ये, सोलापूरच्या कॉलेजात १९४४ ते १९५६ शिकवत होते आणि पुढे ज्ञानपीठाचे मानकरी झाले. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नड आहेत आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळं शहर लोटतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, चार समाजांतले होते. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी हमरस्ता रोखून बसलेल्या शेतकऱ्यांत दोन्ही भाषांचे लोक होते आणि गोळीबारही दोघांनी मिळून सोसला. हे सगळं मोलाचं आहे. पण या दाखल्यांनी पहाणीवरचं नाव दुरुस्त होत नाही. लोकांनी आपल्या बाजूने एकत्र राहून दाखवलंय, आता कचेरीची पाळी आहे.

सुरुवात बसपासून व्हावी, कारण ती सगळ्यात सोपी आहे. दोन राज्यांच्या गाड्या एकमेकांच्या हद्दीत धावतात त्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ खालच्या परस्पर कराराने. मार्ग, फेऱ्या, किलोमीटर सगळं त्यात ठरतं. त्यातच एक कलम घालता येईल: सीमेवरच्या मार्गांवर गाडीच्या पुढच्या पाटीवर गावाचं नाव दोन्ही लिपींत, सारख्या उंचीच्या अक्षरांत, एकाच पत्र्यावर रंगवलेलं, कारण खाली चिकटवलेलं स्टिकर आठवड्यात फाडलं जातं. भाड्याचे आणि सवलतीचे नियम दारामागे दोन्ही भाषांत. कंडक्टरला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, आकड्यांची तोंडी परीक्षा, पास झाल्यास महिन्याचा भत्ता, आणि सीमेवरच्या डेपोत नेमणूक करताना त्या प्रमाणपत्राला प्राधान्य. भाषेवरून तक्रार असेल तर ती गाडी नंबरासह डेपो मॅनेजरकडे, उत्तर द्यायची जबाबदारी महामंडळाची. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड, खानापूर, जत, अक्कलकोट: एवढ्या स्टँडांवर हे एक वर्ष चालवून पाहायला दोन परिवहन मंत्र्यांच्या सह्या पुरतात.